न फुटलेल्या पट्ट्या

संपादकांनी पत्रात लिहिलं आहे, 'आपल्या नोकरीतले काही गमतीदार अनुभव दिवाळी अंकासाठी पाठवावेत.' मी रेल्वे कंपनीत दगड मिस्त्री होतो. नोकरीतली पहिली गंमत ही की मला पगार दगडाकडे बघण्याबद्दल मिळत असे. माझ्या सासऱ्यांना सोयरे विचारायचे, 'जावई काय करतात?' ते बिचारे दोन-तीन वर्षं खरं सांगत राहिले, मग कंटाळून 'रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर आहेत' असं सांगायला लागले.

एवढ्या नोकरीत मला एकच प्रशस्तिपत्र मिळालं. इंग्रजीत आहे, टाईप केलेलं, खाली सही अशी लांबलचक की कागद संपला म्हणून ती थांबली. ते मी भिंतीवर लावलेलं नाही, ट्रंकेत तळाशी ठेवलं आहे. ते मला कशाबद्दल मिळालं आणि त्याच कामापायी मनिराम मडावी नावाचा माणूस कसा गेला, हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. संपादकांनी गंमत मागितली आहे. या हकिकतीत तीही पुष्कळ आहे.

आधी धंद्याचं थोडं सांगतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, दगड म्हणजे दगड. तसं नाही. दगडाला दाबलं तर तो फार सोसतो, डोंगराचा डोंगर अंगावर घेऊन बसतो. पण त्याला ओढलं किंवा वाकवलं की तो अगदी नाजूक. म्हणून दगडी कमान पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते आणि तोच दगड नाल्यावर आडवा टाकून चार माणसं उभी केली की मधोमध मोडतो. शिवाय प्रत्येक दगडाची मोडण्याची तऱ्हा वेगळी. मुरूम फुटत नाही, घसरतो. पावसाळ्यात आधी कुरकुर करतो, चार ढेकळं खाली सोडतो, मग दोन दिवसांनी सगळा खाली येतो. कारकुनी स्वभावाचा आहे, आधी अर्ज आणि मग रजा. पापुद्र्यांचा दगड म्हणजे वहीची पानं. ती पानं रुळांच्या उलट बाजूला कललेली असली तर मिस्त्री सुखाने नोकरी संपवतो. रुळांकडे कललेली असली तर एखाद्या ओल्या दिवशी पानावरून पान घसरतं. करड्या दाणेदार दगडाचं आणखी निराळं. त्याच्यावरचा डोंगर कापून काढला की त्याला मोकळं वाटतं आणि तो फुगून कांद्यासारखी सालं सोडायला लागतो. ओझ्याखाली असेपर्यंत शहाणा, ओझं उतरलं की बिघडला. अशी रिटायर झालेली माणसं मी पाहिली आहेत आणि घरच्यांना विचाराल तर मीही त्यांतलाच आहे.

राहिला आमच्या दरेकशाकडचा तांबूस दगड. काचेसारखा कडक, छन्नीचं तोंड मोडणारा. हा सगळ्यात मजबूत आणि म्हणूनच सगळ्यात वाईट. तो कुरकुरत नाही, घसरत नाही, सालं सोडत नाही. त्याला केसाएवढी चीर पडते आणि ती मुंगीच्या चालीने लांबत जाते. दिवसा उन्हाने ताणते, पहाटे गारठ्याने आखडते, पाणी आत शिरतं. मग एके दिवशी खोलीएवढा तुकडा सुटतो. त्याची खबर आधी काढायची तर दोनच उपाय आहेत. एक, हातोड्याने ठोकून ऐकायचं. अखंड दगड ठणकतो, मागून सुटलेला बद्द वाजतो. दुसरा उपाय पट्टीचा. चुना-सिमेंटची वीतभर लांब, दोन बोटं रुंद, भाकरीपेक्षा पातळ अशी पट्टी चिरेवर आडवी मारायची. एक टोक चिरेच्या या अंगाला, दुसरं त्या अंगाला. ओली असतानाच खिळ्याने तारीख कोरायची. चीर हलली की पट्टी तडकते आणि मिस्त्रीला कळतं. पट्टी फुटण्यासाठीच मारतात. एवढं वाचकांनी लक्षात ठेवावं, कारण आमच्या ऑफिसात ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

कंपनीत मी लागलो तो एका मालगुजारांच्या कृपेने. तिरोड्याकडचे हे मालक. त्यांना घरापुढे सहा हातांची अखंड दगडाची पायरी हवी होती. आम्ही दगडात ओळीने भोकं पाडली, पाचरी बसवल्या, आळीपाळीने ठोकल्या. यानंतर खरं कौशल्य असतं ते थांबण्याचं. दगड आतून फाटत जात असतो, त्याला त्याच्या चालीने जाऊ द्यावं लागतं. पण मालकांनी पाहुणे बोलावले होते. त्यांत नवेगाव बांधाला शिकारीला आलेला रेल्वेचा एक इंजिनियर साहेबही होता. शेवटचा घाव मालक स्वतः, वाजंत्रीच्या तालावर घालणार होते. मी म्हटलं, "मालक, आता ठोकू नोका. दगड फुटून राह्यला हाये."

मालक म्हणाले, "माह्या जमिनीतला दगड माह्या हुकुमाबिगर काऊन फुटते?"

मी बाजूला उभ्या साहेबाला, चीर आता कुठे वळणार ती रेघ खडूने काढून दाखवली. मालकांनी घण घातला. चीर सरळ वाट सोडून माझ्या खडूच्या रेघेवरून आडवी गेली. मालकांना तीन-तीन हातांच्या दोन पायऱ्या मिळाल्या आणि आपल्याला दोनच पाहिजे होत्या असं ते पुढे जन्मभर सांगत. साहेबाने मला तिथल्या तिथे नोकरी दिली. त्या खडूच्या रेघेचा मला फार ताठा होता, हे इथेच कबूल करून टाकतो.

दरेकशाजवळ डोंगर कापून लाईन काढलेली आहे. अशा वाटेला आम्ही कटिंग म्हणतो. तिच्या एका अंगाला तांबूस दगडाचा सरळ कडा होता आणि कड्याला एक तिरपी चीर. त्या चिरेवर मी सात पट्ट्या मारल्या होत्या. याच टापूत मनिराम चाबीवाला होता. रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी पाचरींना चाबी म्हणतात. ढिल्या झालेल्या चाब्या ठोकत आपल्या वाट्याची लाईन रोज चालून काढायची, हे त्याचं काम. गोंड माणूस, बुटका, दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर फार. त्याची बायको सुकवारा स्टेशनाजवळ बायांबरोबर रुळांखाली टाकायची गिट्टी फोडायची. मनिराम त्या कड्याखालून दिवसातून दोनदा जायचा आणि प्रत्येक वेळी कड्यावर चार ठिकाणी हातोडा मारून कान द्यायचा. हे त्याच्या कामात नव्हतं. मी एकदा विचारलं, "हे कायले करतेस गा?"

"मी याच्या खालून जातो ना, मिस्त्रीजी," तो म्हणाला. "त्याले पुसून गेलेलं बरं."

एका वर्षी दिवाळीच्या सुमाराला सातांतल्या चार पट्ट्या फुटल्या. मी रिपोर्ट केला की इथे गाड्या सावकाश हाकाव्यात आणि हा तुकडा सुरुंग लावून पाडावा. सावकाशचा हुकूम चार दिवसांत आला, कारण त्याला फक्त एक बोर्ड रंगवावा लागतो. सुरुंगाचा कागद मात्र वर गेला, आणखी वर गेला आणि एक शंका घेऊन खाली आला: दगड पाडल्यास कटिंगचा आकार मंजूर नकाशाशी जुळणार नाही, तरी नकाशा दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाचा हे कळवावे. मी काय कळवणार? मी दगड मिस्त्री. तो कागद बहुधा अजून फिरत असेल.

तेवढ्यात बडे साहेब इन्स्पेक्शनला येणार अशी खबर आली. आमचे ओव्हरसियर बक्षीबाबू ट्रॉलीत बसून, चार माणसांकडून ढकलून घेत, टापू पाहायला निघाले. त्यांच्या हातात यादी होती: मैलाचे दगड पांढरे करणे, स्टेशनाच्या बागेच्या विटा गेरूने रंगवणे, कुत्री हाकलणे. कटिंगमध्ये आल्यावर त्यांनी ट्रॉली थांबवली.

"मिस्त्री, ये क्या है? सब टूटा-फूटा. बडे साहब क्या बोलेंगे?"

मी म्हटलं, "बाबूजी, टूटना ही इसका काम है."

"तो इसको बोलो, इन्स्पेक्शन के बाद टूटे. कल तक सब नया मारो."

मी मारल्या. जुन्या खरवडून काढल्या, नव्या सात मारल्या, वरून चुनाही फासला. बडे साहेब आले, छडीने एकेक पट्टी मोजली. साती साबूत. दगड आता शांत झाला आहे असं त्यांनी स्वतःच ठरवलं आणि सावकाशचा बोर्ड काढायला सांगितला. बक्षीबाबूंनी तो उपटायला लाईन दुरुस्त करणाऱ्या गँगची दोन माणसं आधीच उभी करून ठेवली होती. मी टोपी हातात धरून तिथेच उभा होतो आणि तारखा नव्या आहेत एवढं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. साहेब इतके खूश होते की त्यांना नाखूश करण्याची हिंमत झाली नाही.

पंधरा दिवसांत त्यांतल्या दोन फुटल्या. मी रिपोर्ट केला. उत्तर आलं ते असं: ज्याअर्थी पट्ट्या पंधरा दिवसांत फुटतात त्याअर्थी मिस्त्रीचे काम निकृष्ट आहे, तरी त्याने खुलासा करावा.

इथपर्यंतची चूक निम्मी कंपनीची होती. इथून पुढची सगळी माझी. मी खुलासा लिहायला हवा होता, त्यांना समजेपर्यंत दहा वेळा लिहायला हवा होता. पण 'निकृष्ट' हा शब्द मला असा झोंबला की जेवण गेलं. खडूने रेघ काढून साहेबाला थक्क करणारा मी, आणि माझं काम निकृष्ट? तारवाल्यांकडे खांबांची उरलेली लोखंडी तार होती. ती मागून आणली. प्रत्येक पट्टीत दोन पदर घातले, सिमेंट दुप्पट, जाडी तिप्पट. आठ दिवस पोती ओली करून पाणी पाजलं. अशा पट्ट्या झाल्या की हत्तीने पाय दिला तरी फुटू नयेत.

आणि त्या फुटल्या नाहीत. महिना गेला, दोन गेले. बक्षीबाबू म्हणाले, "देखा? डाँटने से काम सुधरता है." मला ते लागलं नाही, उलट बरं वाटलं. सगळ्यात कठीण सांगायचं ते हे आहे. तार मी स्वतः घातली होती, तरी रोज सकाळी साबूत पट्ट्या बघून बघून मलाही वाटायला लागलं की चीर थांबली. तिसऱ्या पट्टीचं एक टोक दगडापासून नखभर सुटलेलं मी पाहिलं होतं. दगड सरकतो आहे, पट्टी फुटत नाही म्हणून एका बाजूने उपटून निघते आहे, हे नवशिक्यालाही कळलं असतं. मी म्हटलं, इथे माल नीट चिकटला नसेल. बोटाने थोडं सिमेंट दाबलं आणि पुढे गेलो.

उन्हाळा लागला. एक दिवस मनिराम आपणहून माझ्याकडे आला.

"मिस्त्रीजी, दगड बद्द बोलून राह्यला."

"कुठी?"

"तिसऱ्या पट्टीच्या खालतं. मांगच्या हप्त्यात ठनठन बोले."

"पट्टी फुटली का?"

"पट्टी साबूत हाये."

"त मंग?"

"पट्टी साबूत हाये अन् दगड बद्द बोलून राह्यला. दोघातला एक खोटा हाये."

मी हसलो. तुझ्या हातोड्याला रिपोर्ट लिहिता येतो का, असं काहीतरी म्हणालो. तो गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगायला आला. तिसऱ्या दिवशी पुन्हा आला, तेव्हा मी गँगच्या चार माणसांत उभा होतो आणि चाबीवाल्याने मिस्त्रीला त्याचा धंदा शिकवावा हे मला बरं दिसेना. मी म्हणालो, "रोज रोज तेच काऊन सांगून राह्यला गा? जा, त्या पट्टीले हात लावून पाह्य. फुटली असन त सांग मले, नाही त आपलं काम कर."

तो हातोडा खांद्यावर टाकून कटिंगकडे गेला. मी स्टेशनात चहा प्यायला गेलो.

भरलेली बैलगाडी उलटावी तसा आवाज आला, एकदाच. मी धावलो. कड्याचा तो सगळा तुकडा दोन्ही रुळांवर आडवा पडला होता आणि तांबड्या धुळीत काही दिसत नव्हतं. माणसांनी लाल झेंडे घेऊन पळत जाऊन दोन्हीकडच्या गाड्या अडवल्या. मनिरामला काढायला दुपार झाली. सुकवारा पूर्ण वेळ तिथेच उभी होती, गिट्टी फोडायचा हातोडा हातात तसाच. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. त्याला मी पाठवलं होतं.

चौकशीला तीन साहेब आले आणि छत्रीखाली टेबल मांडून बसले. मला विचारलं, आदल्या दिवशी पट्ट्या साबूत होत्या का? होत्या, साहेब. पडल्यानंतर? ढिगाऱ्यात शोध घेतला तर तिसरी पट्टी सापडली. पडलेल्या तुकड्याला एका टोकाने चिकटलेली, दुसरं टोक हवेत, आणि कुठे तडा नाही. तिन्ही साहेबांनी ती उपटवून हातात घेतली, नखाने टोकरली, एकमेकांकडे पाहून मान हलवली. निष्कर्ष असा निघाला की पट्टी शेवटपर्यंत फुटली नाही, सबब दगडाने कोणतीही पूर्वसूचना दिली नाही. मयत इसम काम नसताना कड्याजवळ गेला होता. आणि एवढा दगड कोसळूनही जी पट्टी भंगली नाही तिच्याबद्दल कंपनी मिस्त्रीच्या कामाची दखल घेते. तेच माझं प्रशस्तिपत्र. मला एक शब्दही खोटं बोलावं लागलं नाही. तारेबद्दल कुणी विचारलं नाही. मनिराम तीन दिवस काय सांगत होता, हेही कुणी विचारलं नाही, आणि गँगच्या ज्या चार माणसांनी ऐकलं होतं त्यांना छत्रीपर्यंत येऊ दिलं नव्हतं.

बक्षीबाबूंनी ते प्रशस्तिपत्र सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. मी वाकून घेतलं.

महिन्याभराने सुकवारा मला स्टेशनाबाहेर भेटली. तिने एवढंच विचारलं, "पट्टी नाही तुटली, त दगड काऊन तुटला, मिस्त्रीजी?"

मी तिला ऊन सांगितलं, गारठा सांगितला, चिरेत शिरणारं पाणी सांगितलं, तांबूस दगडाचा कडकपणा सांगितला. वर लिहिलं आहे ते सगळं, त्याहून जास्तच. सगळं खरं होतं. ती उभ्याने ऐकत राहिली आणि माझं संपल्यावर गिट्टीच्या ढिगाकडे परत गेली.

हा लेख इथे संपवून पाकीट बंद करणार होतो. आता महायुद्धही संपलं, साहेब लोक सामान बांधतील अशी बोलवा आहे, माझी नोकरीही संपली, कोण विचारतो? पण वाटलं, दिवाळी अंकाच्या अनोळखी वाचकांना सांगायचं आणि जिला सांगायला हवं तिला नाही, हे काही खरं नव्हे. म्हणून मागच्या आठवड्यात पॅसेंजरने दरेकशाला गेलो. सुकवारा म्हातारी झाली आहे. अंगणात बसून शिंदीच्या पानांचे झाडू बांधत होती. मी समोर बसलो आणि हे कागद तिला तिच्या बोलीत करून, काही न गाळता वाचून दाखवले. मालगुजाराच्या पायरीला ती थोडी हसली. पुढे हसली नाही.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "तार टाकली होती म्हनता पट्टीत?"

"हो."

"मले मालूम नवतं."

तिने शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या. झालं गेलं म्हणाली असती तर, खरं सांगतो, तेवढ्यासाठीच मी आलो होतो. तिने पानांची जुडी मांडीवर घेतली, दोरीचा फास टाकला आणि दाताने ओढून आवळला.

"पट्टीत तार होती, ते झालं," ती म्हणाली. "त्याच्या हातोड्यात त तार नवती, मिस्त्रीजी."

मग तिने दुसरी जुडी घेतली.